जे नंतरचे असेल ते

घर बांधायला परवानगी लागते हे ज्याला ठाऊक असतं, त्याचंच घर अडतं. ज्याला ठाऊक नसतं, किंवा ठाऊक असून जो सोयीने विसरतो, त्याच्याकडे वास्तुशांत होऊन, पंगती उठून वरच्या मजल्यावर भाडेकरूही राहायला आलेला असतो.

हा टोमणा नाही, कायदा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. पूर्ण नाव घेताना धाप लागते, म्हणून सगळे त्याला एमआरटीपी म्हणतात. रात्री झोप येत नसेल तर त्यातली दोन कलमं शेजारीशेजारी ठेवून वाचावीत. कलम ४५ आणि कलम ५३. वाचल्यावर झोप येईल याची हमी मी देत नाही.

कलम ४५ सरळमार्गी माणसासाठी आहे. त्याने कलम ४४ खाली अर्ज करायचा, नकाशे जोडायचे, शुल्क भरायचं. नियोजन प्राधिकरणाने, म्हणजे तुमच्या महापालिकेने किंवा नगरपरिषदेने, ६० दिवसांत हो की नाही ते कळवायचं. नाही कळवलं, तर एकसष्टाव्या दिवशी परवानगी मिळाली असं मानायचं. हिला मानीव परवानगी म्हणतात. इतकं दयाळू कलम सरकारी पुस्तकात सापडलं की डोळे भरून येतात.

ते पुसून पुढचं वाचा. हे ६० दिवस मोजायचे अर्ज पोचल्यापासून, किंवा कार्यालयाने काही विचारणा केली असेल तर तिचं उत्तर पोचल्यापासून. यांपैकी जे नंतरचे असेल ते. सगळी करामत या शेवटच्या चार शब्दांत आहे. एकोणसाठाव्या दिवशी एक पत्र निघालं की घड्याळ पुन्हा शून्यावर. शिवाय मानीव परवानगीवर बांधलेलं काम नियमात कुठे बसलं नाही, तर ते अनधिकृतच धरायचं, हेही तिथेच लिहून ठेवलंय. त्यामुळे या परवानगीच्या भरवशावर पाया खणलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. बँकेत जाऊन कुणी ती दाखवलीच, तर बँक त्याला मानीव कर्ज देईल.

एकोणसाठाव्या दिवशीच्या त्या पत्राला त्रुटीपत्र म्हणतात. मराठी गद्याचा हा प्रकार अभ्यासक्रमात यायला हवा. नमुना असा: ‘१) सातबारावरील नाव दत्तात्रय व आधारकार्डावरील नाव दत्तात्रेय यांत तफावत आहे. २) नकाशावर उत्तर दिशा दर्शविलेली नाही. ३) समोरील सामासिक अंतराबाबत खुलासा करावा. ४) मोजणी नकाशाची मूळ प्रत सादर करावी. ५) इतर अनुषंगिक कागदपत्रे सादर करावीत.’ पहिल्या चार मुद्द्यांना उत्तर आहे. एका मात्रेसाठी प्रतिज्ञापत्र करता येतं, उत्तर दिशा दाखवता येते. पाचवा मुद्दा मात्र अजरामर आहे. इतर म्हणजे कुठली आणि अनुषंगिक म्हणजे कशाला, हे लिहिणाऱ्यालाही माहीत नसतं. पुढच्या खेपेला लागेल म्हणून त्याने ते मोघमच ठेवलेलं असतं.

मोजणी नकाशा मागितला की गाडी भूमी अभिलेखाकडे वळते. तिथे पूर्वी मोजणी साधी, तातडीची आणि अतितातडीची अशी चढत्या भाजणीने मिळायची. अतितातडीची मोजणी किती तातडीने होते, हे ज्यांनी पाहिलंय ते बोलत नाहीत. २०२४च्या अखेरीस हे प्रकार आटोपून नियमित आणि द्रुतगती असे दोनच ठेवले. शब्द कमी झाले, हीही एक सुधारणाच म्हणायची.

इथे कार्यालयातल्या माणसाची बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे सदर एकतर्फी होईल आणि माझी फाईल कधीच हलणार नाही. छोट्या नगरपरिषदेत रचना सहायक एक, आणि त्याच्याकडे शेजारच्या गावाचा अतिरिक्त कार्यभार. सोमवार-मंगळवार इकडे, बुधवार-गुरुवार तिकडे, शुक्रवारी जिल्ह्याला बैठक. त्यात सहीचं गणित साधं आहे. सही केली आणि पुढे काही निघालं तर चौकशी, निलंबन, वर्तमानपत्रात नाव. सही नाहीच केली तर? काहीही नाही. फाईल अडवली म्हणून घरी बसलेला अधिकारी तुम्ही पाहिलाय? महाराष्ट्रात २०१५पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे, मुदतीत सेवा न देणाऱ्याला दंडाची तरतूदही आहे. पण त्याखाली अपील करायचं तर ते त्याच कार्यालयातल्या वरच्या साहेबाकडे करायचं, आणि त्यानंतर घर पुन्हा त्याच कार्यालयाच्या हद्दीत बांधायचं. एवढी छाती असलेला माणूस घर बांधत नाही, निवडणूक लढवतो.

मग संगणक आला. पुण्यासारख्या महापालिकांत नकाशे ऑटोडीसीआर नावाची प्रणाली तपासू लागली, बाकी गावांसाठी बीपीएमएस नावाची दुसरी प्रणाली आली. माणसाचा हस्तक्षेप संपला, असं जाहीर झालं. संगणक नकाशा बघत नाही, त्यातले लेयर वाचतो. प्लॉटची हद्द एका लेयरवर, इमारत दुसऱ्या, जिना तिसऱ्या. आर्किटेक्टच्या पोऱ्याने घाईत हद्द भलत्याच लेयरवर काढली की संगणक सांगतो, सामासिक अंतर शून्य. प्लॉटवर जाऊन उभे राहा, समोर तीन मीटर मोकळी जागा आहे, तिथे कुणाची तरी म्हैस बांधलीय. पण संगणकाला म्हैस दिसत नाही. बरं, हे सगळं निस्तरून, शुल्क ऑनलाइन भरून, फाईल ऑनलाइन पुढे सरकली, की संध्याकाळी फोन येतो, ‘तेवढा हार्ड कॉपीचा एक सेट आणून द्या, साहेब कागदावर बघतात.’

शुल्काचं चलन ज्याने पाहिलं नसेल त्याने एकदा पाहावं. छाननी शुल्क, विकास शुल्क, सुरक्षा अनामत, राडारोड्याची अनामत, कामगार कल्याणाचा उपकर बांधकाम खर्चाच्या एक टक्का. एकेक रक्कम न्याय्य आहे, प्रत्येकीमागे कायदा आहे. तरी बेरीज वाचताना खालची शून्यं बोटाने मोजावी लागतात. चलनात न येणारा एक आकडाही असतो म्हणतात. तो मी पाहिलेला नाही, आणि ज्यांनी पाहिलाय त्यांना पावती मिळालेली नाही.

सरकारने काहीच केलं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. डिसेंबर २०२०मध्ये मुंबई वगळून जवळपास सगळ्या राज्याला एकच नियमावली लागू झाली. एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. त्याआधी गावागणिक नियम वेगळे होते. या नियमावलीतली एक तरतूद खरोखर चांगली आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर नियमात बसणारं घर असेल, तर नकाशे द्या, शुल्क भरा, पावती हीच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरला परवान्यासाठी दहा दिवस. खेड्यांतही ३२०० चौरस फुटांपर्यंत नगररचनेच्या दारी जायची गरज नाही, असं मंत्र्यांनी २०२१मध्ये सांगितलं. आता ती पावती घेऊन गृहकर्जाला जा. बँकेचा वकील पावती उलटीपालटी करून बघतो आणि विचारतो, ‘हे झालं. मंजूर नकाशा कुठंय, शिक्क्याचा?’ मग माणूस पुन्हा नगरपरिषदेत येतो आणि ज्या परवानगीची गरज नाही ती लेखी द्या म्हणून विनवणी करतो. रचना सहायक म्हणतो, गरजच नाही तर देऊ कशी? तो गरज नसल्याचं पत्रही देत नाही. तशी तरतूद नाही.

आता दुसरं कलम. कलम ५३ हे न विचारता बांधणाऱ्यांसाठी. त्यांना प्राधिकरण नोटीस देतं, बांधकाम काढून टाका. इथवर कडक. पण त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात सोय आहे. नोटीस मिळालेल्या माणसाने मुदतीच्या आत, झालेलं बांधकाम राहू द्यावं म्हणून कलम ४४ खाली परवानगीचा अर्ज करायचा. आणि त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत नुसत्या नोटिशीने बांधकामाला धक्का लागत नाही.

म्हणजे अर्ज तोच, टेबल तेच, रचना सहायकही तोच. पण मी आधी अर्ज केला तर फाईल पडून राहिल्याने माझं घर होत नाही, आणि शेजाऱ्याने नंतर अर्ज केला तर फाईल पडून राहिल्याने त्याचं घर पडत नाही. माझ्या फाईलवरची धूळ मला दमा देते, त्याच्या फाईलवरची धूळ त्याचं छप्पर शाबूत ठेवते. आता सांगा, कार्यालयाच्या दिरंगाईची तक्रार त्याने कशासाठी करावी? तो तर येता-जाता साहेबांना विचारतो, ‘काही घाई नाही ना?’

एवढ्याने भागलं नाही म्हणून २०१७मध्ये याच कायद्यात कलम ५२-क घातलं. ३१ डिसेंबर २०१५पर्यंतची अनधिकृत बांधकामं काही अटींवर आणि प्रशमन शुल्क घेऊन कायम करता यावीत म्हणून. त्याआधी २००१मध्ये गुंठेवारीचा कायदा झालेला होता, १ जानेवारी २००१पर्यंतचे गुंठ्यागुंठ्याने पाडलेले प्लॉट नियमाधीन करण्यासाठी. २०२१मध्ये त्याची तारीख सरकवून ३१ डिसेंबर २०२० केली. गुंठेवारीत राहणाऱ्याला दोष देणं मला जमणार नाही. ज्याला एन.ए. प्लॉट परवडत नाही तो शेताच्या कडेचा दीड गुंठा घेतो आणि पत्रा टाकतो. त्याला कायदेशीर दार उघडंच नव्हतं. पण त्याच्या आडोशाने पाच मजले चढवणाऱ्यांना दारं सगळी उघडी होती. त्यांना फक्त रांगेत उभं राहायचं नव्हतं. शेवटी दोघांसाठीही तारखा पुढे सरकतात, आणि ३१ डिसेंबर २०१५ला ज्याची फाईल त्रुटींच्या पूर्ततेसाठी पडून होती त्याला कुठल्याच तारखेचा उपयोग होत नाही. कारण त्याने बांधलेलंच नसतं.

काहींनी तर अर्ज आणि नोटीस या दोन्ही कटकटी वाचवल्या. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींच्या बाबतीत पालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार झाल्या, त्या जोडून महारेराची नोंदणी मिळाली, नोंदणी बघून लोकांनी फ्लॅट घेतले. नोव्हेंबर २०२४मध्ये उच्च न्यायालयाने इमारती पाडायचा आदेश दिला. रस्त्यावर यायची पाळी आली ती फ्लॅटवाल्यांवर. मला त्या बनावट परवानग्यांचं राहून राहून कौतुक वाटतं. खऱ्या परवानगीत मात्रा चुकली म्हणून पत्र येतं. खोटी परवानगी एवढ्या टेबलांवरून गेली, तिच्यात उत्तर दिशा आहे की नाही हे कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

वरळीच्या कॅम्पा कोला आवाराची गोष्ट त्याहून जुनी. परवानगी पाच मजल्यांची, त्यातली एक इमारत वीस मजल्यांपर्यंत गेली, ऐंशीच्या दशकात. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१३चा. मधली तीस वर्षं वीस मजले कुणालाच दिसले नाहीत, त्याही वरळीत. आमच्या गल्लीत बाल्कनीला ग्रिल लावलं तर दुसऱ्या दिवशी मुकादम येऊन फोटो काढतो.

डिसेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भोगवटा प्रमाणपत्र बघितल्याशिवाय वीज-पाण्याची जोडणी देऊ नका, बँकांनीही ते बघूनच कर्ज द्यावं. निकाल योग्यच आहे. पहिला झटका कुणाला? ज्याचं घर मंजूर नकाशाप्रमाणे बांधून झालंय, जोते तपासणी झालीय, आणि ज्याची फाईल भोगवट्यासाठी आत आहे, त्याला. तो बांधकामाच्या तात्पुरत्या मीटरवर राहतो. पलीकडच्या बिनपरवाना घराचं मीटर केव्हाच कायमचं झालंय, कारण ते निकालाच्या आधीचं.

आमच्या गल्लीत सध्या एका गृहस्थांच्या तिसऱ्या मजल्याचा स्लॅब पडतोय. खाली वाळूचा ढीग, रस्त्यावर मिक्सर, आम्ही सगळे स्कूटर ढकलत जातो. काल मी सहज विचारलं, ‘काका, परवानगी काढलीत का?’ त्यांनी माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघितलं.

‘काढणार की,’ ते म्हणाले, ‘तारीख जाहीर होऊ दे.’