थोडंसं सांडलंय

कारखान्यात एक माणूस असा असतो, की त्याच्या टेबलावर चहा सगळ्यांत शेवटी पोचतो आणि रात्री तेल सांडलं की फोन सगळ्यांत आधी त्यालाच जातो. हा ईएचएसवाला. एन्व्हायर्न्मेंट, हेल्थ आणि सेफ्टी ही तीन खाती एका पगारात चालवणारा. कामगार त्याला ‘सेफ्टीवाले साहेब’ म्हणतात. प्रॉडक्शनवाले त्याच्या मागे काय म्हणतात ते छापण्यासारखं नाही. चाकण, भोसरी, सातपूर, गोकुळ शिरगाव, तळोजा, कुठल्याही एमआयडीसीत जा, हा भेटणारच. केमिस्ट्रीत बीएस्सी, वर इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा, गाडीच्या डिकीत हेल्मेट आणि खिशात पीएच पेपरची गुंडाळी. लग्नाच्या जेवणावळीत सुद्धा हा आधी सिलिंडर कुठे ठेवलेत ते बघून येतो आणि मगच ताट घेतो.

मी परचेस खात्यात होतो. त्यामुळे हा प्राणी मला जवळून बघायला मिळाला. एकाच कंपनीत नव्हे, कंपन्या बदलल्या तरी तोच भेटत राहिला. नाव वेगळं, काळजी तीच.

त्याचं पंचांग वेगळं असतं. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन, त्या दिवशी बॅज आणि शपथ. ५ जूनला पर्यावरण दिन, त्या दिवशी प्लांट हेडच्या हस्ते वृक्षारोपण, बहुधा गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात. ३० जूनच्या आत घातक कचऱ्याचा वार्षिक हिशोब, फॉर्म ४. ३० सप्टेंबरच्या आत पर्यावरण विवरण, फॉर्म ५. बाकी वर्षभर त्याला कुणी विचारत नाही. जुलै उजाडला की मात्र तो रात्री फोन उशाशी घेऊन झोपतो. घरच्यांना वाटतं, कामाचा ताण. खरं म्हणजे तो पावसाचा आवाज ऐकत असतो.

“साहेब, थोडंसं सांडलंय.”

या ‘थोडंसं’चे भाव त्याला पाठ असतात. हेल्पर म्हणाला तर खरंच थोडंसं, कारण हेल्परला लपवण्यासारखं काही नसतं. सुपरवायझर म्हणाला तर बादलीभर. आणि मेन्टेनन्स मॅनेजरने स्वतः फोन करून, आधी “जेवण झालं का?” असं विचारून मग थोडंसं म्हटलं, तर बॅरल आडवं झालं म्हणून समजावं. त्यावर हा दोनच प्रश्न विचारतो. पाऊस आहे का? आणि पाणी मारलंत का? दुसऱ्या प्रश्नाला पलीकडून उत्तर येत नाही, कारण त्या क्षणी कुणीतरी पाइप लावून पाणी मारतच असतं. सांडलेल्या तेलावर पाणी मारायचं, हे आपल्याकडे बहुतेक पाळण्यात शिकवतात. फरशी लखलखीत होते, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि तेल पावसाच्या पाण्याच्या लाइनीतून चेंबरमध्ये, चेंबरमधून ओढ्यात निघालेलं असतं.

अशाच एका जुलैत दुसऱ्या पाळीला फोर्कलिफ्टचं टोक हायड्रॉलिक ऑइलच्या बॅरलमध्ये घुसलं. बॅरल शेडबाहेर होतं. तिथे ते ‘तात्पुरतं’ ठेवलेलं होतं, दिवाळीपासून. आमचा ईएचएसवाला स्लीपर घालूनच आला. वाळूच्या गोण्या चेंबरच्या तोंडाशी लावल्या, लाकडाचा भुसा पसरला, कॉटन वेस्टचे गठ्ठे स्वतः फोडले. माणूस एरवी मीटिंगमध्ये पुटपुटतो. त्या रात्री त्याचा आवाज प्रेसच्या वर जात होता. मला तर वाटतं, तो मनातून थोडा खूशही होता. त्या वर्षात पहिल्यांदाच लोक त्याचं ऐकत होते.

सकाळी तो माझ्या टेबलाशी. “बॅरलचं बिल काढा.” बिलात २१० लिटर. आत दांडी बुडवून मोजलेलं उरलं ते साठ. ट्रेमधून काढलेलं पस्तीस. भुसा आणि चिंध्या वजन करून, कोरड्या भुशाचं वजन वजा करून, अंदाजे नव्वद. शेजाऱ्याकडची उसनवारी लिहावी तितक्या मन लावून त्याने हे कागदावर मांडलं आणि शेवटच्या ओळीवर येऊन थांबला. पंचवीस लिटरचा पत्ता नाही.

त्याच दुपारी वर मीटिंग झाली. खाली ऑपरेटर म्हणाला होता, “लई गेलं.” जिना चढताना त्याचे पंचवीस लिटर झाले होते. मेन्टेनन्सच्या मते त्यातलं निम्मं आधीपासूनच कमी भरलेलं होतं. (हे ऐकून मी परचेसतर्फे निषेध नोंदवला.) ॲडमिनच्या मते दहा लिटर तर मातीनेच प्यायलं. प्लांट हेडपर्यंत पोचेतो दोन-तीन लिटर उरले, आणि चहा संपता संपता ‘ओघळ’ एवढंच शिल्लक राहिलं.

“अहो, मुंबईत २०१० साली दोन जहाजं धडकली, शेकडो टन तेल गेलं समुद्रात,” प्लांट हेड म्हणाले. “त्याला म्हणतात गळती. तुम्ही हे काय घेऊन बसलात?”

“साहेब, ते समुद्रात गेलं. आपलं चेंबर ओढ्यात उघडतं.”

इथे याची एक आवडती गोष्ट सांगायची वेळ येते. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपममध्ये एका तळ्यात चमचाभर तेल ओतलं, तर जवळपास अर्धा एकर पाण्यावर ते पसरलं आणि लाटा निवाल्या. ही गोष्ट तो दर वर्षीच्या प्रशिक्षणात सांगतो. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला होता, “मग त्याला नोटीस आली का?” तेव्हापासून तो ती जरा घाईत सांगतो. पण हिशोब त्याचा पक्का असतो. पाण्यावर इंद्रधनुष्य दिसायला तेलाचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ पुरतो. एक लिटर तेल पाऊण एकरभर रंग दाखवू शकतं. दुसरा हिशोब त्याने मला समजेल अशा भाषेत सांगितला. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात तेल आणि ग्रीस लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. म्हणजे एक लिटर तेल दहा हजारी नऊ टँकर स्वच्छ पाणी मर्यादेपर्यंत आणून ठेवतं. मे महिन्यात टँकरची बिलं मीच पास करायचो, त्यामुळे पंचवीस लिटर म्हणजे किती टँकर हे मला लगेच कळलं आणि मी गप्प बसलो.

मग कायद्याचा कीस निघाला. कंपनीच्या सल्लागारांनी फोनवरून एक मुद्दा काढला, आणि तो मला आजही लाजवाब वाटतो. घातक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत अपघात झाला की प्रदूषण नियंत्रण मंडळाला ताबडतोब फोनवर, ईमेलवर कळवायचं आणि मागाहून फॉर्म ११ भरायचा. ठीक. पण आपलं तेल तर नवं होतं! वापरलेलं तेल हा घातक कचरा. नवं कोरं तेल हा माल. मालाला कचऱ्याचा फॉर्म कसा चालेल? सगळ्यांचे चेहरे उजळले. ईएचएसवाल्याने हळूच विचारलं, “मग ते भुशात जिरलेलं आहे, ते परत मशीनमध्ये घालू का?” चेहरे मावळले. तेल बॅरलमध्ये असेतो संपत्ती. जमिनीवर आल्या क्षणी त्याची जात बदलते. आणि ते सोडलं तरी १९७४चा पाण्याचा कायदा आहेच. त्याच्या कलम ३१ला माल आणि कचरा यांच्याशी देणंघेणं नाही. दूषित करणारं काहीही अपघाताने ओढ्यात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर गेलं, नव्हे जाण्याची शक्यता जरी असली, तरी त्या जागेच्या प्रमुखाने विनाविलंब मंडळाला कळवायचं. किती लिटरपासून पुढे, असं तिथे लिहिलेलं नाही. अमेरिकेत नियम आणखी सरळ आहे. नदी-समुद्रावर तेलाचा तवंग दिसला की फोन फिरवायचा, मोजत बसायचं नाही.

“जागेचा प्रमुख कोण पण?” प्लांट हेडनी विचारलं.

आदल्या दिवशीपर्यंत या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या केबिनच्या दारावर पितळी अक्षरांत होतं. आज मात्र मंडळाचा कन्सेंट डायरेक्टरांच्या नावावर, बॅरल स्टोअरचं, फोर्कलिफ्ट ठेकेदाराची आणि जागा एमआयडीसीची निघाली. शेवटी सही करायला अधिकृत प्रतिनिधी म्हणून उरला तो ईएचएसवाला. एकानेच जाता जाता चौकशी केली, “आता जेल नाही ना त्यात?” पर्यावरण संरक्षण कायद्यात पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती. २०२३च्या जनविश्वास कायद्याने ती काढून दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत दंड आणला. हे त्याने सांगितलं, आणि खोलीतली हवा एकदम कामाला लागली. जेलला माणसं घाबरतात. पंधरा लाखाला अकाउंट्स घाबरतं, आणि अकाउंट्स घाबरलेलं कुणालाच परवडत नाही.

फोन लावला तो अर्थातच दुसऱ्या शनिवारी. मंडळाचे फील्ड ऑफिसर कुठल्याशा सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पावर उभे होते. मागे मोटरचा आवाज येत होता. त्यांनी एकच विचारलं, “तुम्ही स्वतःहून सांगताय?” आवाजात संशय होता. स्वतःहून फोन करणाऱ्याकडे याहून मोठं काहीतरी लपवलेलं असणार, असा त्यांचा अनुभव असावा. ते आले, तेही बिचारे स्वतःच्या दुचाकीवर, रेनकोटमध्ये. ओढ्याच्या पाण्याचं सॅम्पल घेतलं, कायद्याप्रमाणे दोन भाग केले, सील केले, दोघांच्या सह्या झाल्या. मग वाळूच्या गोण्यांकडे बघून म्हणाले, “हे रात्रीच केलंत?” आमच्या माणसाने मान हलवली. त्यावर त्यांनी काही लिहून घेतलं. काय लिहिलं ते वाकून बघण्याचा प्रयत्न मी आणि ॲडमिनने एकाच वेळी केला.

खरी परीक्षा मात्र गेटवर झाली. ओढ्याखाली ज्यांची विहीर आहे ते म्हातारबाबा प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी घेऊन आले होते. सिक्युरिटीने त्यांना बाकावर बसवून ठेवलं होतं. पत्रकार आला असता तर एचआर धावलं असतं, सरपंच आले असते तर प्लांट हेड. बाटलीवाल्या शेतकऱ्यासाठी ईएचएसवाला.

“सायब, बैलानं तोंड लावलं न्हाई पाण्याला.”

“बाबा, आमच्याकडून तेल सांडलं रात्री. ओढ्यात थोडं गेलंय.”

एवढं सरळ वाक्य त्या गेटवर त्याआधी कुणी उच्चारलं असेल असं मला वाटत नाही. सिक्युरिटी गार्डच्या हातातलं रजिस्टर तसंच राहिलं. बाबांनाही काय बोलावं कळेना. ते भांडायच्या तयारीने आले होते आणि समोरचा माणूस कबूल करून मोकळा झाला होता. “मंग आता?” एवढंच ते म्हणाले. मग त्याने टँकर मागवला, तेही मला न विचारता, आणि चार दिवस विहिरीचं पाणी तपासायला नेलं. त्या टँकरच्या बिलावर कारण काय लिहायचं, यावर माझं आणि अकाउंट्सचं पुढे दोन महिने चाललं.

फॉर्म ११ भरणं ही त्याची खास कला. अपघाताची तारीख, वेळ, घटनाक्रम, पदार्थ, तातडीने केलेले उपाय, हे तो शाळेतल्या निबंधासारखं न खोडता लिहितो. अडतो तो शेवटच्या रकान्यात. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय केलं? याचं खरं उत्तर असतं, बॅरलसाठी शेड बांधा, भोवती बंधारा घाला. पण शेडला बजेट लागतं आणि बजेट पुढच्या वर्षी असतं. म्हणून तिथे एक सनातन वाक्य जातं: ‘संबंधित फोर्कलिफ्ट चालकास प्रशिक्षण देण्यात आले.’ हा चालक तेव्हा कंपनीतला सर्वाधिक प्रशिक्षित माणूस होता. त्याच्याकडे इतकी सर्टिफिकिटं होती की तो प्लांट हेड होऊ शकला असता.

मंडळाकडून पुढे काही अटी आल्या, बँक गॅरंटी आली, आणि त्या गॅरंटीच्या धाकाने शेडही आली. शेडच्या उद्घाटनाला नारळ प्लांट हेडनी फोडला. फोटोत ईएचएसवाला नाही, कारण फोटो तोच काढत होता.

नंतर त्याने दुसरीकडे मुलाखत दिली. विचारलं, तुमच्या काळात किती गळत्या झाल्या? त्याने सांगितलं, चार, आणि चारही मंडळाला कळवल्या. दुसऱ्या उमेदवाराने सांगितलं, शून्य. नोकरी शून्याला मिळाली. त्या कंपनीच्या गेटवर ‘अपघातविरहित दिवस’ असा मोठा बोर्ड आहे, रोज आकडा बदलतात.

पुढच्या पावसाळ्यात रात्री अकराला त्याला त्या शून्याचा फोन आला. बोलणं फार गोड. “सर, तुमच्याकडे फॉर्म अकराचा एखादा भरलेला नमुना असेल ना? जरा पाठवता?” याने पाठवला. वर वाळूच्या गोण्या कुठे लावायच्या तेही समजावलं, पाणी मारू नका हे दोनदा सांगितलं. आठवड्याने फील्ड ऑफिसरांचा फोन. त्या कंपनीचा रिपोर्ट आलाय, भाषा ओळखीची वाटतेय, म्हणाले. घटनाक्रम व्यवस्थित आहे, उपाय व्यवस्थित आहेत, सगळं झकास आहे.

“फक्त त्यांनी ज्या फोर्कलिफ्ट चालकाला प्रशिक्षण दिलंय ना,” ते म्हणाले, “त्या कंपनीत फोर्कलिफ्टच नाहीये हो.”