वीस मायक्रॉन

निगडीत सकाळी दुर्गा टेकडी उतरणाऱ्या माणसांत ज्याच्या शर्टाच्या खिशात अजून सहा इंची स्टीलची पट्टी असते, तो टूलरूममधून रिटायर झालाय असं खुशाल समजावं. कंपनीच्या बसने फर्स्ट शिफ्टला जाऊन-येऊन याची हयात गेली. 1972 साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं, पुढे कधीतरी यालाही प्लॉट लागला. घर बांधताना गवंड्याच्या आधी हाच ओळंबा सोडायचा. रिटायर झाल्यावर पहिलं वर्ष घरातली दारं रंधण्यात जातं, दुसरं पोळ्यांच्या गोलाईवर बोलण्यात. तिसऱ्या वर्षी घरचेच त्याच्या हातात ड्रॉइंगची वही देतात.

आमच्या गल्लीतल्या काकांना ती नातीने दिली. ती आर्किटेक्चरला जायचं म्हणून ‘नाटा’ची तयारी करत होती. ‘ड्रॉअबॉक्स’ या फुकट अभ्यासक्रमातला एक व्यायाम तिने आजोबांपुढे टाकला: कोऱ्या कागदावर 250 खोकी काढायची, शाईच्या पेनने, पट्टी न लावता. खोडरबराचा प्रश्नच नाही. तिला वाटलं, आजोबा आठ दिवस गप्प बसतील.

दुसऱ्या दिवशी जुन्या डायरीचं रजिस्टर झालं. रकाने आखले: खोका नंबर, तारीख, ओके, रिवर्क, रिजेक्ट, डिस्पॅच. डिस्पॅच कशाला, असं नातीने विचारलं. रजिस्टरात असतो, म्हणाले.

रेघ मनगटातून नाही, खांद्यातून मारायची असते. आधी हवेतच दोन-चार वेळा हात फिरवून मग पेन टेकवायचं. काका व्हरांड्यात बसून तसा हात फिरवायला लागले, तेव्हा समोरच्या वहिनींना वाटलं आपल्यालाच बोलावताहेत. कट्ट्यावर तर एकदा उत्साहाच्या भरात ‘आज पन्नास खोकी पूर्ण’ असं बोलून गेले आणि चहा पिणारे चारही पक्षांचे लोक माना वळवून बघू लागले.

पण खरी गोची पुढे होती. मशीन ड्रॉइंगमधला आयसोमेट्रिक खोका तीस अंशांवर बसतो आणि त्यात समांतर रेघा शेवटपर्यंत समांतर राहतात. पर्स्पेक्टिव्हमध्ये त्याच रेघा लांब जाताना एकमेकींकडे झुकतात आणि व्हॅनिशिंग पॉइंटला मिळतात. खोका काढून झाला की रेघा लाल पेनने मागे वाढवायच्या आणि कुठे चुकलं ते बघायचं. वीस मायक्रॉनसाठी जॉब परत पाठवलेला हा माणूस! मागची कड पुढच्या कडेपेक्षा आखूड दिसली की त्याचा जीव वरखाली व्हायचा. “अगं, मोजून बघ, दोन्ही सारख्याच आहेत!” नात म्हणायची, “आजोबा, दिसतात तशा काढा.” “दिसण्यावर गेलो असतो तर कंपनी बुडाली असती.” फ्लॉरेन्सच्या लोकांनी हे सगळं पंधराव्या शतकात शोधलं आणि अल्बर्टीने 1435 साली ग्रंथात लिहून ठेवलं, हे कळल्यावर काका एवढंच म्हणाले, “त्यांच्याकडे इन्स्पेक्शन नसणार.”

त्या अभ्यासक्रमात आणखी एक अट आहे: जेवढा वेळ सराव, तेवढाच वेळ नुसतं मजेसाठी चित्र काढायचं. हे कलम मात्र काकांना अजिबात झेपलं नाही. मजेचा वेळ त्यांनी चार ते पाच ठेवला, त्यात मन लावून कागदाचे कोपरे गुण्याने तपासले.

शेवटी नातीने सांगितलं, खरी खोकी बघा. मग काका ट्रान्सपोर्टनगरीत गेले. तिथे कंटेनरच कंटेनर. चाळीस फुटी, आठ फूट रुंद, साडेआठ फूट उंच, मापं पाठ. स्टुलावर बसून वही उघडली, एक डोळा मिटला, पेन समोर धरून माप घेतलं. एक ड्रायव्हर धावत आला. “साहेब, पेपर सगळे क्लिअर आहेत. फिटनेस पण आहे.”

“मी आरटीओचा नाही रे. चित्र काढतोय.”

ड्रायव्हरला हायसं वाटलं. मग तो वहीत डोकावला आणि त्याचा चेहरा पडला. “काका, मागचा दरवाजा एवढासा का केलाय? मागून पण आठच फूट आहे. गाडी बारीक दिसली तर पार्टी माल कसा देईल?”

काकांनी त्याच्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मुद्द्याचं बोललं होतं. खिशातून स्टीलची पट्टी निघाली, नवं पान निघालं, आणि व्यायामाचे सगळे नियम धाब्यावर बसवून तीस अंशांवरचा फर्मास आयसोमेट्रिक कंटेनर उतरला: कडा समांतर, मापं बाणांसकट, दारावर एमएच-14 चा नंबर. ड्रायव्हरने कागद फाडून मागितला आणि केबिनमध्ये विठ्ठलाच्या फोटोशेजारी खोचला.

घरी आल्यावर काकांनी हातपाय धुवायच्या आधी रजिस्टर उघडलं आणि डिस्पॅचच्या रकान्यात पहिली नोंद केली.