एका दिवसात प्रतापगड

गोंदियातल्या एका मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप गटावर जानेवारीत संदेश पडला: ‘चला प्रतापगड! एक दिवसीय सहल. नाश्ता, जेवण, दोन वेळा चहा. जयस्तंभ चौक, सकाळी ठीक सहा.’ गटातल्या एका मामाजींनी तो जसाच्या तसा पुण्याच्या जावयाला पुढे ढकलला. दहा मिनिटांत जावयाचा फोन आला. ‘मामाजी, एका दिवसात प्रतापगड? विमानाने चाललात का?’

जावयाचे म्हणणे भूगोलाला धरूनच होते. त्याच्या डोक्यातला प्रतापगड साताऱ्याचा. मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली १६५६ साली उभा राहिलेला आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी ज्याच्या पायथ्याशी अफझलखान संपला तो. तिथे जायला गोंदियाहून थेट गाडी आहे, महाराष्ट्र एक्स्प्रेस. सकाळी गोंदियात बसायचे. नागपूर, भुसावळ, मनमाड, दौंड, पुणे असे अर्धे राज्य खिडकीतून बघून काढायचे आणि दुसऱ्या दिवशी साताऱ्याला उतरायचे. त्यानंतर महाबळेश्वराचा घाट वेगळाच. तेव्हा ‘दोन वेळा चहा’ एवढ्या शिदोरीवर हे कसे जमणार, अशी जावयाला काळजी.

‘आमी आमच्या प्रतापगडाला चाललो जी,’ मामाजी म्हणाले. ‘अर्जुनी मोरगाववाल्या. रात्री झोपायला घरी.’

तर हा आमचा प्रतापगड. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधच्या पलीकडे, झाडीत. डोंगरावर गोंड राजवटीतल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या किल्ल्याचे अवशेष, तिथेच महादेव, आणि ख्वाजा उस्मान हारुनी यांच्या नावाचा दर्गा. महाशिवरात्रीला इथे एवढी मोठी यात्रा भरते की त्या दिवसांत हा प्रतापगड कुठे आहे हे पूर्व विदर्भात कोणाला विचारावे लागत नाही. पाठ्यपुस्तकात मात्र तो नाही. त्यामुळे गोंदियातल्या मुलांनाही प्रतापगड म्हटले की आधी वाघनखेच आठवतात.

वर्गणीवरून पहिली लढाई झाली. ट्रॅव्हल्सचे भाडे माणशी समान वाटून घेण्याचा ठराव मांडताच महिला आघाडीने हरकत घेतली. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धे तिकीट आहे; मग सहलीतही अर्धेच. खजिनदारांनी समजावून पाहिले की ती सवलत सरकारची आहे, ट्रॅव्हल्सवाल्याची नाही. ‘मंग एसटीनंच चला,’ असे उत्तर आले. एसटीने गेले तर बस आपल्या मर्जीने थांबत नाही, वाटेत भज्या खाता येत नाहीत, असे दोन मुद्दे पुढे आल्यावर महिला आघाडी विरघळली. भज्यांचा मुद्दा निर्णायक ठरला.

दिवसभराच्या गटसहलीचा धंदा जगात ज्याच्यापासून सुरू झाला असे मानतात, त्या टॉमस कुकने ५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडात लेस्टरहून लफबरोला पाचशेच्या आसपास माणसे खास गाडीने नेली होती. अंतर बारा मैलांच्या आत, भाडे एक शिलिंग. सगळे जण दारूबंदीच्या मेळाव्याला चालले होते. म्हणजे गटसहलीचा जन्मच मुळी व्यसनमुक्तीच्या पोटी झाला. ट्रॅव्हल्सच्या शेवटच्या बाकावर बसलेल्या चौघांना हा इतिहास कोणी सांगितला नव्हता, ते बरेच झाले.

ठीक सहाला जयस्तंभ चौकात ड्रायव्हर होता. पावणेसातला खजिनदार आले. साडेसातला गंज, चूल, तांदळाचे पोते आणि स्वयंपाकी चढले. जिथे तांदूळच पिकतो त्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जायचे तरी घरचा तांदूळ सोबत न्यायचा, हा गोंदियाचा रिवाज आहे. दुसऱ्याच्या धानावर विश्वास ठेवणारा माणूस इथल्या राईस मिलमध्ये टिकत नाही. पावणेआठला मोजणी झाली. यादीत ४२ नावे, बसमध्ये ४१ डोकी. पुन्हा मोजले, ४१. नाव पुकारून हजेरी घेतली तेव्हा कळले की मोजणारे खजिनदार स्वतःला मोजत नव्हते.

गोरेगाव मागे पडले आणि मुरदोलीचे जंगल सुरू झाले. नागझिरा आणि नवेगाव ही दोन जंगले जोडणारा हा पट्टा. डिसेंबर २०१३ मध्ये दोन्ही मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून या रस्त्याने जाणारी प्रत्येक बस वाघ बघायलाच निघालेली असते. अंताक्षरी थांबली. सगळे उजव्या खिडक्यांना चिकटले. कोणीतरी ‘तो पाय, तो पाय!’ ओरडले. वीस जण उभे राहिले, बस डुलली, आणि रस्त्याकडेच्या झाडावरच्या माकडाने तिच्याकडे अत्यंत तिरस्काराने पाहिले.

कोहमाऱ्याला मुंबई–कोलकाता महामार्ग आडवा येतो. इथे नाश्ता ठरला होता. पोहे, वरून चण्याची तर्री, सोबत आलुभज्या. कार्यक्रमपत्रिकेत वीस मिनिटे लिहिली होती. पाऊण तास लागला, कारण तर्री तिखट नसल्याची तक्रार, मग ती फार तिखट झाल्याची तक्रार, आणि मग शेवटच्या बाकावरचे दोघे ढाब्यामागे ‘पाणी बघायला’ गेले ते लवकर आले नाहीत. टॉमस कुक आठवला तो इथे. पुन्हा मोजणी. ४१. खजिनदारांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि ४२ म्हटले.

दुसरा थांबा नवेगावबांध. सहलीच्या पत्रकात याला ‘तलाव व निसर्ग’ एवढ्यावर उरकले होते, आणि हा खरा अन्याय. कारण किल्ला म्हणून जे बघायला हे लोक पुढे चालले होते त्यापेक्षा मोठे काम इथे पाण्याखाली आहे. कोलू पाटील नावाच्या कोहळी माणसाने सुमारे तीनशे वर्षांपूर्वी डोंगरांच्या मधल्या फटी मातीच्या बांधाने बुजवून हा तलाव उभा केला. भोवतीच्या डोंगरांना सात बहिणी म्हणतात. पाटलाचा पुढे लोकांनी देव केला, कोलासूर. महाराष्ट्रात तळे बांधणाऱ्याचा देव होतो, ही गोष्ट पाटबंधारे खात्याच्या अभियंत्यांनी मनावर घ्यायला हरकत नाही. भंडारा-गोंदियात असे शेकडो तलाव आहेत. मालगुजारी गेल्यावर ते ‘माजी मालगुजारी’ झाले आणि कागदोपत्री आखडून ‘मामा तलाव’. पण नवेगावचा थाट वेगळा. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले, इथल्या माधवराव पाटील डोंगरवारांसोबत फिरले, आणि त्या दिवसांवर त्यांनी पुस्तक लिहिले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले.

बसमधल्या निवृत्त गुरुजींनी हे सगळे बांधावर उभे राहून सांगायला घेतले. ऐकायला सुरुवातीला बारा जण होते. कोलू पाटलाचा कोलासूर होईपर्यंत चार उरले, चितमपल्लींपर्यंत एक. तोही सारस शोधत होता. गोंदिया हा महाराष्ट्रातला सारसांचा जिल्हा. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच पक्षी, माणसाच्या खांद्याला लागेल एवढा. ‘गुरुजी, तो पाहा सारस!’ तो म्हणाला. काठावर गुडघाभर उंचीचा एक बगळा उभा होता. गुरुजींनी चष्मा पुसला. ‘लहान आहे अजून,’ तो माणूस म्हणाला. त्याने फोटो काढला आणि गटावर ‘दुर्मिळ सारस, नवेगावबांध’ म्हणून टाकला. संध्याकाळपर्यंत त्याला तीस अंगठे मिळाले होते. त्यात पुण्याच्या जावयाचा एक.

प्रतापगडाच्या पायथ्याशी पोचायला दुपारचा एक वाजला. स्वयंपाकी उतरला, चूल मांडली, आणि सहलीचे सरळ दोन तट पडले. एक वांग्याच्या भाजीकडे, एक डोंगराकडे. डोंगराकडचा तट लहान होता.

पायथ्याच्या परिसरात दर्गा दिसताच शाळकरी नातवाने जाहीर केले, ‘आजोबा, अफझलखानाची कबर!’ पोराची चूक म्हणता येत नाही. साताऱ्याच्या प्रतापगडाच्या पायथ्याला खरोखरच अफझलखानाची कबर आहे. नाव तेच, डोंगर तसाच, खाली थडगे. पुस्तकातले चित्र समोर मांडलेले. दोघातिघांनी माना डोलावल्या, एका वहिनींनी तर वाघनखे कुठे ठेवली आहेत तेही विचारले. तिथल्या फुलवाल्या म्हाताऱ्याने हे सगळे शांतपणे ऐकून घेतले. बहुधा त्याला दर वर्षी दोन-चार बसा भरून अशी मंडळी भेटत असावीत.

‘तो खान इकडं नाही आला जी,’ तो म्हणाला. ‘त्याले लय दूर पडलं असतं.’

मग गुरुजींनी सूत्रे हाती घेतली. अजमेरचे ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती. त्यांचे गुरू उस्मान हारुनी. त्यांच्या नावाने हे स्थान. महाशिवरात्रीला डोंगरावर महादेवाला जाणारा माणूस इथेही डोके टेकतो आणि इकडचा माणूस यात्रेत तिकडे फिरतो, यात इथे कोणाला काही विशेष वाटत नाही. विशेष वाटते ते बाहेरून आलेल्या बातमीदारांना, आणि ते दर महाशिवरात्रीला ‘ऐक्याचे प्रतीक’ असा मथळा देतात. फुलवाल्याने नारळ देताना एवढेच विचारले, ‘एक का दोन?’ वहिनींनी दोन घेतले. एक इथला, एक वरचा.

वर चढण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. झाडी, दगड, धाप. किल्ला बघायला आलेल्यांना किल्ला सापडला तो तुकड्यातुकड्यांनी, आणि प्रत्येक तुकड्यावर सेल्फी काढून झाल्यावर. तटाच्या एका ढिगाऱ्यावर उभे राहून मामाजींनी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला, पण रेंज नव्हती. गुरुजींना गोंड राजांबद्दल बोलायचे होते. देवगडचे, चांद्याचे, गढा-मंडल्याचे; या साऱ्या मुलखावर त्यांचे राज्य होते आणि पोरांना त्यातल्या एकाचे नाव येत नाही, हे त्यांचे जुने दुखणे. त्यांनी श्वास घेतला, घसा साफ केला आणि म्हणाले, ‘मुलांनो, अठराव्या शतकापर्यंत...’ तेवढ्यात खालून ताट वाजल्याचा आवाज आला. पोरे गडावरून जी उतरली तशी कोणत्याही वेढ्यात कोणी उतरले नसेल.

जेवण उत्तम झाले. वांगी-आलूची भाजी, वरण, घरच्या तांदळाचा भात, पुऱ्या, वर सांबार पेरलेला. सहलीतला सर्वांत जास्त वेळ याच ऐतिहासिक स्थळी गेला.

चारच्या सुमारास बस गोठणगावकडे वळली. इथे इटियाडोह धरण आहे, गाढवी नदीवर; समितीने पत्रकात धरणाचे नाव छापले आणि नदीचे गाळले. पण बसमधल्या तरुण मंडळींना धरणात रस नव्हता, त्यांना मोमो खायचे होते. कारण इथे, झाडीपट्टीच्या मधोमध, धानाच्या बांध्यांना लागून तिबेटी लोकांची वसाहत आहे. नोर्ग्येलिंग तिचे नाव, १९७२ मध्ये वसलेली. हिमालय ओलांडून आलेल्या माणसांना सरकारने जागा दिली ती अशा ठिकाणी, जिथे मे महिन्यात खुद्द गोंदियाचा माणूस ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन फिरतो. त्यांनी ती निभावली, धान पिकवले, प्रार्थनेच्या पताका लावल्या. आणि थंडी पडली की वसाहतीतली बरीच माणसे स्वेटर विकायला शहरांत जातात. त्यामुळे वसाहत शांत होती. मोमो मिळाले नाहीत. एका घरासमोरच्या आजींनी मराठीतच सांगितले, ‘पोरं नागपूरला गेलीत, दुकान लावलं आहे.’ मामाजींनी स्वतःच्या अंगातल्या स्वेटरकडे बोट दाखवले. नागपूरच्या तिबेटी बाजारातूनच डिसेंबरात घेतला होता. आजींनी लोकर चिमटीत धरून पाहिली आणि किंमत विचारली. आकडा ऐकून त्या हसल्या. मामाजींना भाव करता आला नव्हता, हे बसमधल्या सगळ्यांना तेवढ्याने कळले.

परतीला अंधार पडला. रस्त्याकडेला झाडीपट्टीच्या नाटकांचे फलक लागले होते. दिवाळीनंतर होळीपर्यंत इथे रात्र रात्र नाटके चालतात. ‘थांबून पाहू न जी,’ अशी शेवटच्या बाकाची सूचना आली. मतदान घेण्याच्या भानगडीत खजिनदार पडले नाहीत. नवेगावच्या फाट्यावर चहा झाला, उरलेल्या पुऱ्या वाटल्या, आणि दिवसभरात तरबेज झालेल्या खजिनदारांनी बस सुटल्यावर शेवटची मोजणी केली. स्वतःला धरून ४३.

पुन्हा मोजले. ४३. दिवे लावले गेले. सातव्या रांगेत, खिडकीशी, गळ्यात दुपट्टा टाकलेले एक काकाजी भाजी-पुरी खात बसले होते. त्यांना कोणी ओळखत नव्हते, पण शेजारच्या वहिनींनी त्यांना दुसऱ्यांदा भाजी वाढली होती.

‘काकाजी, तुमी कोण जी?’

‘मी गोरेगावले उतरतो,’ काकाजी म्हणाले. फाट्यावर बस उभी दिसली, ते चढले. एसटीत हल्ली जेवण देतात हे त्यांना माहीत नव्हते, पण बरे वाटले. खजिनदार हात पुढे करून काही बोलणार, तोच काकाजींनी हात धोतराला पुसला, बंडीच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले आधार कार्ड काढून त्यांच्या हातात दिले, आणि पंच्याहत्तर कधीच पूर्ण झाल्याने आपल्याला तिकीट लागत नाही, असे बजावून पुढची पुरी उचलली.