दहा मिनिटांवरचा माणूस

टाकवे बुद्रुकला जागा घेतलेला माणूस तुमच्या ओळखीत आहेच. नाही म्हणत असाल तर पुढच्या लग्नात जेवणाच्या रांगेत जरा मागे वळून पाहा. हातात ताट आहे, ताटात जिलबी आहे आणि तो कुणाला तरी सांगतो आहे, "या ना एकदा टाकव्याला! कान्हे स्टेशनपासून फक्त दहा मिनिटं." स्टेशन दहा मिनिटं, जुना हायवे दहा मिनिटं, वडगावचं तहसील दहा मिनिटं, तळेगावचे दवाखाने दहा मिनिटं आणि उलट्या दिशेला आंदर मावळातलं ठोकळवाडीचं धरण, तेही दहा मिनिटं. त्याचं म्हणणं खरं मानलं, तर मावळ तालुका कंपासपेटीतल्या कर्कटकाने आखलेला आहे आणि कर्कटकाचं टोक नेमकं त्याच्या गुंठ्यात रुतलेलं आहे.

याला खोटारडा म्हणणं अन्यायाचं होईल. दहा मिनिटं त्याने खरोखरच मोजलेली असतात, पण एकदाच. मार्चमधल्या एका रविवारी सकाळी सहा वाजता, एजंटच्या गाडीत, एजंट गाडी चालवत असताना. त्या मोजणीत कंपन्यांची शिफ्ट सुटलेली नसते, इंद्रायणीच्या पुलावर समोरून डंपर आलेला नसतो, पुढे उसाची ट्रॉली नसते आणि जुलै तर नसतोच नसतो. चूक असलीच तर एवढीच, की गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट हे कायम असतं, तसंच मिनिटाचंही असेल असं तो धरून चालतो. पाहुणे दीड तास उशिरा आले तरी त्याचा विश्वास ढळत नाही. "तुम्ही टाकवे खुर्दला गेलात वाटतं," असं म्हणून तो दोष नकाशावर ढकलतो. मावळात खुर्दही आहे आणि बुद्रुकही, हे त्याच्या पथ्यावरच पडलं आहे.

खरी गंमत दहा मिनिटांच्या पुढे आहे. टाकव्याला जागा का घेतली, असं विचारलं तर उत्तर एकच: शांतता. आता टाकवे हे गाव आहे, वाचनालय नव्हे. तिथे कोंबडा आरवतो, ट्रॅक्टर सुरू होतो, सप्ताहाचा कर्णा लागतो, वरातीचा डीजे वाजतो आणि कामगारांच्या बसगाड्या रात्रीअपरात्री फिरतात. यांपैकी प्रत्येक आवाजाबद्दल हा माणूस सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाकतो. स्वतः मात्र बोअर मारताना चार दिवस आणि फरशी कापताना चार आठवडे अख्खी आळी जागी ठेवतो. पण आपल्या घराचा आवाज हा विकास असतो, दुसऱ्याच्या कोंबड्याचा तेवढा त्रास. यात नुसता दुटप्पीपणा शोधणं सोपं आहे. त्याच्या मागणीतली मूळ अडचण वेगळी आहे. त्याला शांतता हवी आणि सगळं दहा मिनिटांवर हवं. या दोन गोष्टी एका सातबाऱ्यावर नांदत नाहीत. रस्ता रुंद झाला, मॉल आला, जेवण घरपोच मिळू लागलं, की दहा मिनिटं खरी होतात आणि त्याच दिवशी शांतता उठून पुढच्या गावाला जाते. तरी रस्त्याच्या रुंदीकरणासाठी अर्जावर पहिली सही याचीच असते. भाव वाढला की तो खूश, गर्दी वाढली की नाराज. पण भाव आणि गर्दी एकाच बसने येतात.

यावर कुणी म्हणेल, पिंपरी-चिंचवडमध्ये आयुष्य घालवलेल्या नोकरदाराने करायचं काय? तिथे स्वयंपाकघराच्या भावात इथे अंगण मिळत असेल, तर त्याने ते घेऊ नये का? जरूर घ्यावं. कुणी असंही म्हणेल, की गावाला पैसा मिळतो, रोजगार मिळतो. मिळतो, पण जमीन विकल्याचा पैसा एकदाच येतो, आणि ज्या खाचरात इंद्रायणी तांदूळ पिकायचा तिथे एकदा कंपाउंड उभं राहिलं की पुन्हा लावणी होत नाही. शिवाय या खोऱ्याला देण्याची सवय जुनी आहे. ठोकळवाडीला आंद्रा नदीचं पाणी अडवलं आणि १९२२ साली भिवपुरीच्या वीजगृहातून मुंबईला वीज जाऊ लागली. शंभर वर्षं या डोंगरांनी शहराला उजेड पुरवला. आता त्याच उजेडाने डोळे दिपलेली माणसं थोडा अंधार मागायला इथे आली आहेत, आणि आल्या आल्या गेटवर हॅलोजन लावताहेत.

इथवर या माणसाची थट्टा खुशाल करावी. पण त्याच्या कागदांची फाइल उघडली की हसू जरा अडखळतं. शेतजमीन घ्यायची तर कूळ कायद्याच्या ६३व्या कलमाप्रमाणे घेणारा शेतकरी असावा लागतो. म्हणून हा साठीचा माणूस शेतकरी असल्याचा पुरावा आणायला मूळ गावी जातो. सातारा असेल, खानदेश असेल, मराठवाडा असेल. तिथल्या सातबाऱ्यावर आजोबांच्या खाली बाप, बापाच्या खाली चुलते, आणि शेवटी चुलतभावांच्या गर्दीत त्याचं नाव. वाट्याला जमीन किती, तर खाट टाकली तर पाय बांधाबाहेर जातील इतकी. त्या नावाच्या पुराव्यावर त्याला टाकव्यात शेतकरी म्हणून उभं राहता येतं. तिथेही १९४७च्या तुकडेबंदी कायद्याने सुट्या गुंठ्याची वाट इतकी वर्षं अडवलेली. त्यातून चार-पाच जणांनी मिळून सामाईक सातबारा करायची युक्ती निघाली. म्हणजे गावी चुलतभावांशी बांधावरून बोलणं बंद, आणि इथे चार अनोळखी माणसांशी बांध नसतानाही. बापाने पोट भरायला जे गाव सोडलं, त्याची परतफेड मुलाने हप्त्यांनी केली, तीही दुसऱ्याच गावात. मग लक्षात येतं, की आपण दूर येऊन पडलो नाही हे तो स्वतःलाच समजावत असतो. दहा मिनिटं हे त्या समजुतीचं माप आहे.

तेव्हा टाकव्यात जागा पाहायला जाल तर जुलैत जा, लोकलने जा, आणि कान्ह्याला उतरल्यापासून घड्याळ लावा. सातबारा आणि फेरफार स्वतः वाचा, जमीन बिगरशेती असल्याचा कागद मागा, इमारत असेल तर महारेराचा क्रमांक तपासा. एजंटच्या दहा मिनिटांवर एक रुपयाही देऊ नका. पण या माणसाच्या ओट्यावर चहाला बसाल तेव्हा घड्याळ खिशात ठेवा. किती वेळ लागला, असं तो विचारणारच. दहा मिनिटं म्हणा.