पार्सल पाठवणारे वेडे

हिशेब शहाण्यांच्या बाजूने आहे, यात शंका नाही. चिंचवडच्या दोन खोल्यांतून अमेरिकेला आकाशकंदील विकणाऱ्या ताईंनी किंवा भोसरीच्या गाळ्यातून जुन्या स्कूटरचे सुटे भाग पाठवणाऱ्या दादांनी २०२५ च्या ऑगस्टनंतर दुकान आवरायला हवं होतं. कोणत्याही कागदावर आकडे मांडा, उत्तर हेच येतं. तरीही काहींनी आवरलं नाही. लोक याला वेडेपणा म्हणतात. शब्द बरोबर आहे, आणि याच वेडेपणाची मला स्तुती करायची आहे.

आधी त्या वर्षाचं वेळापत्रक पाहू. २ एप्रिल २०२५ ला अमेरिकेने भारतीय मालावर २६ टक्के शुल्क जाहीर केलं. आठवड्याभरात त्याला ९० दिवसांची स्थगिती मिळाली आणि १० टक्के उरले. ७ ऑगस्टला २५ टक्के लागू झाले. २७ ऑगस्टला रशियन तेलाच्या निमित्ताने त्यावर आणखी २५ चढले आणि बेरीज ५० झाली. दोनच दिवसांनी, २९ ऑगस्टला, ८०० डॉलरपर्यंतच्या लहान पार्सलांना मिळणारी शुल्कमाफी सगळ्याच देशांसाठी संपली. २०१६ मध्ये ही मर्यादा २०० डॉलरवरून ८०० वर गेली होती. तीस-चाळीस डॉलरची वस्तू घरबसल्या विकणाऱ्यांचा धंदा या माफीवरच उभा होता.

टपालातून येणाऱ्या मालासाठी अमेरिकेने सुरुवातीच्या सहा महिन्यांपुरता आणखी एक पर्याय ठेवला होता: टक्केवारीऐवजी प्रत्येक वस्तूमागे ठरावीक रक्कम. पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त दर असलेल्या देशांसाठी ती २०० डॉलर होती. तीस डॉलरचा कंदील, त्यावर दोनशे डॉलर कर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हणही इथे तोकडी पडते.

बरं, पाठवायचं म्हटलं तरी वाट कुठे होती? २५ ऑगस्टपासून भारतीय टपाल खात्याने अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं. कर गोळा कुणी करायचा आणि भरायचा कसा हेच ठरलं नव्हतं, आणि विमान कंपन्या माल उचलायला तयार नव्हत्या. महिनाअखेरीस पत्रं आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूही बंद झाल्या. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन होतं २१ ऑक्टोबरला. ज्यांचा वर्षाचा निम्मा धंदा दिवाळीवर चालतो, त्यांना त्या सहा दिवसांचं काय करायचं ते तुम्हीच सांगा.

उंटावरचे शहाणे अशा वेळी सांगतात, ‘थांबा, चित्र स्पष्ट होऊ द्या.’ चित्र स्पष्ट होईपर्यंत घरभाडं थांबत नाही. कंदिलाच्या पट्ट्या चिकटवायला येणाऱ्या शेजारणी दुसऱ्या कामाला लागतात. सरावलेला हात एकदा गेला की परत येत नाही. वेडी माणसं हे ओळखून असतात, म्हणून ती थांबत नाहीत. त्यांचे वेडेपणाचे प्रकार जरा जवळून पाहण्यासारखे आहेत.

पहिला वेडेपणा म्हणजे सगळा कर आपल्या अंगावर घेणं. शुल्क आधीच भरून पाठवायच्या पद्धतीत विक्रेता भाव एकच लावतो, दारात ग्राहकाला एक डॉलरही मागितला जात नाही. ऑर्डर आल्यापासून माल सुटेपर्यंत दर वाढला तर फटका विक्रेत्याला. शहाणा मार्ग म्हणजे कर ग्राहकाच्या गळ्यात टाकणं. पण दारात अचानक बिल आलं की ग्राहक पार्सल नाकारतो. मग परतीचं भाडं विक्रेत्याकडून जातं, नाहीतर माल तिकडेच नष्ट होतो, आणि वर दुकानाला एक तारा मिळतो. जोखीम पत्करून दिलेला पक्का भाव ग्राहकाला परत आणतो. १५ ऑक्टोबरनंतर टपालाने पाठवणाऱ्यांना निदान एक गोष्ट धड कळली: जाहीर किमतीच्या सरसकट ५० टक्के, त्यावर वस्तूनुसार वेगळं शुल्क नाही. दर जबर होता, पण तो आधी कळत होता. वेड्यांना एवढा आधार पुरला.

दुसरा वेडेपणा घडीचा. कुरिअरवाले वजन काट्यावर करतात आणि खोक्यावरही करतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. जे जास्त भरेल त्याचं भाडं. ४० बाय ४० बाय ३० च्या खोक्यातला तयार कंदील हातात पिसासारखा हलका लागतो, पण बिलात ९.६ किलो भरतो. तोच कंदील घडीचा केला, सांगाडा सुटा केला आणि खोक्याची उंची ४ सेंटिमीटरवर आणली की १.२८ किलो. त्यासाठी सांगाड्याचा प्रत्येक सांधा नव्याने बेतावा लागतो, जोडणीचा कागद मराठीत आणि इंग्रजीत लिहावा लागतो, आणि तिकडच्या मुलांना तो उघडता येईल का हे आधी इथल्या मुलांकडून उघडवून बघावं लागतं. एका कंदिलासाठी एवढा खटाटोप शहाणा माणूस करणार नाही. कर वाचवता येत नाही, भाडं वाचवता येतं, हे मात्र असा खटाटोप करणाऱ्यालाच सुचतं.

तिसरा वेडेपणा भोसरीचा. १८ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेने आणखी ४०७ कोडांखालच्या वस्तू पोलाद-अॅल्युमिनियमच्या शुल्कात ओढल्या. त्यांच्यातल्या धातूच्या किमतीवर ५० टक्के, म्हणजे वस्तूत धातू कितीचा हे वेगळं दाखवणं आलं. मोठ्या कंपनीत याला विभाग असतो. गाळेवाल्याकडे जॉबवर्कची बिलं असतात: पट्टी किती किलो, कटिंग किती, प्लेटिंग किती. रात्री मशिन बंद झाल्यावर तो ती घेऊन बसतो. आपल्याकडचा आठ आकडी कोड अमेरिकेच्या दहा आकडी कोडाशी पडताळतो. पहिले सहा आकडे जगभर सारखे, भांडण पुढच्यांचं. दीड हजारांच्या मालासाठी हा अभ्यास वेळेचा अपव्यय वाटेल. पण चुकीच्या कोडाने अडकलेलं पार्सल सोडवायला मालाच्या किमतीपेक्षा जास्त पैसे पडतात.

चौथा वेडेपणा मला सर्वांत प्रिय आहे. तो खरं बोलण्याचा. न्यू जर्सीहून निरोप येतो, ‘ताई, खोक्यावर गिफ्ट लिहा ना, सगळे लिहितात.’ आणि चिंचवडहून उत्तर जातं, ‘नाही हो, पैसे घेतले ना मी तुमच्याकडून. मग ते गिफ्ट कसं होईल?’ किंमत निम्मी दाखवावी, माल दुबईमार्गे फिरवावा, असे सल्ले देणारे मुबलक आहेत. माल कुठून निघाला यावर शुल्क ठरत नाही, कुठे बनला यावर ठरतं. शुल्क चुकवायला दुसऱ्या देशातून फिरवलेल्या मालावर अमेरिकेने २०२५ मध्ये ४० टक्के वेगळे ठेवलेच होते. पण ताई नाही म्हणतात त्या या भीतीने नव्हे. त्यांना पुढच्या दिवाळीतही त्याच घरी कंदील पाठवायचा आहे.

पाचवा वेडेपणा नव्या गिऱ्हाइकाचा. अमेरिका अडली म्हणून ही मंडळी मेलबर्न, लंडन, अबू धाबीकडे वळली. ऑस्ट्रेलियाशी व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे, अमिरातीशी १ मे २०२२ पासून, ब्रिटनशी २४ जुलै २०२५ ला सही झाली. युरोप सोपा नाही. १३ डिसेंबर २०२४ पासून तिथे वस्तूच्या सुरक्षिततेची जबाबदारी घेणारा स्थानिक प्रतिनिधी नेमावा लागतो. नव्या देशात आधी तीन ऑर्डरी येतात आणि पुढे बराच काळ शुकशुकाट. त्या तीन ऑर्डरींसाठी नियमांची नवी वही उघडणं यालाही वेडेपणाच म्हणावं लागेल.

हा वेडेपणा पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्याला नवा नाही. १९५४ मध्ये पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हा पेनिसिलिन बाहेरून मागवणं सोपं होतं. मागवत राहिलो असतो तर पिंपरी हे आजही स्टेशनापुरतं नाव राहिलं असतं. त्याच माळावर पुढे कारखाने आले, कारखान्यांमागे भोसरीचे गाळे आले, मग चाकण आलं. ३ मे २०२५ पासून अमेरिकेने मोटारीच्या सुट्या भागांवर २५ टक्के लावले, तेव्हा या पट्ट्यातल्या पुरवठादारांनीही मशिनं विकायला काढली नाहीत. फरक एवढाच की त्यांच्या पाठीशी वकील, एजंट आणि बँक असते. कंदीलवाल्या ताईंच्या पाठीशी एक मोबाइल आणि एक प्रिंटर असतो.

म्हणून नुसत्या कौतुकावर थांबणं बरं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने २५,०६० कोटींच्या निर्यात प्रोत्साहन मिशनला मंजुरी दिली. त्यातला वाटा या गल्ल्यांपर्यंत पोचला पाहिजे. आयात-निर्यात कोड, बँकेचा एडी कोड, जीएसटीचं हमीपत्र (एलयूटी), निर्यातीचं बिल आणि पैसे आल्याचा बँकेचा दाखला, ही सगळी साखळी तीस डॉलरच्या ऑर्डरलाही लागते; ती लहान करता येईल. देशभर हजारावर डाकघर निर्यात केंद्रं आहेत. तिथे कोड समजावून सांगणारा एक माणूस बसवला तर निम्मी पार्सलं अडकणार नाहीत. नाकारलेला माल परत येतो तेव्हा तो आपलाच आहे हे सिद्ध करण्यात विक्रेत्याचे महिने जाऊ नयेत.

आणि एक विनंती, ज्यांची भावंडं, मुलं परदेशात आहेत त्यांना. पुढच्या वेळी इथल्या एखाद्या घरगुती दुकानातून काही मागवाल तेव्हा खरी किंमत मोजा, करासकट मोजा, आणि खोक्यावर खोटं लिहायला सांगू नका. धंदा टिकवण्याचं वेड त्यांना आहेच. ते त्यांना परवडेल एवढं आपल्या हातात आहे.