तसूभर

तसू हे लांबीचं जुनं माप. गजाचा चोविसावा भाग म्हणजे तसू. सोळा तसूंचा एक हात. गज गावोगाव बदलायचा, त्यामुळे तसूही सगळीकडे सारखा नव्हता. मुंबई इलाख्यातला गज २७ इंचांचा. त्या हिशेबाने तसू सव्वा इंचाच्या थोडा आत, १ पूर्णांक १/८ इंच भरतो. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. सुतार-गवंडी अजून सुतावरच कामं उरकतात, आणि त्यांच्या बोलीत तसू नऊ सुतांचा होतो. शाळेच्या पट्टीवर तो २८.५७५ मिलिमीटर. याचा अर्थ तसू दिसतो त्यापेक्षा बराच धष्टपुष्ट आहे. बोलण्यात त्याला केसाच्या पंक्तीत बसवतात, पण तो अंगठ्याहून रुंद असतो.

व्याकरणात तसू नकाराशी लग्न लावून बसला आहे. ‘तो तसूभर सरकला’ असं कोणी म्हणत नाही. सरकायचं नसेल तेव्हाच तसू बाहेर निघतो. मतं, निर्णय, नेते आणि लेखक तसूभरही ढळत नाहीत. प्रस्तुत लेखक आपल्या ठाम भूमिकांचं वर्णन याच शब्दाने करत आला आहे. त्या भूमिका कोणी हलवायला आलं होतं, अशी नोंद मात्र सापडत नाही.

वसई-विरार भागात तसूचा सर्वांत जिवंत वापर लोकलच्या डब्यात होतो. तिघांच्या बाकावर बसणाऱ्या चौथ्या माणसाची जागा, जिला ‘चौथी सीट’ म्हणतात, ती रेल्वेने बांधलेली नाही. ती लोकांनी तसू-तसू काढून उभी केली आहे. तिघे प्रत्येकी एक तसू सरकले की तीन तसू मोकळे होतात, म्हणजे साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास. एवढ्या जागेवर बोरिवलीपासून विरारपर्यंत संसार होतो: एक मांडी बाकावर, दुसरी मार्गिकेत, मांडीवर बॅग, बॅगेवर मोबाइल. मागणीची भाषा ठरलेली, ‘भाऊ, जरा सरका ना.’ सरकणाराही प्रत्यक्ष सरकत नाही. तो श्वास आत घेतो, खांदा तिरका करतो आणि आपण मोठा त्याग केल्याचा चेहरा करतो. खिडकीजवळचा माणूस तर बाहेर बघू लागतो. त्याचा तसू वसुलीच्या पलीकडे असतो.

१८६७ साली विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी सुरू झाली, तीही दिवसातून एकच. त्या काळी तसू व्यवहारात होता आणि बाकावर जागाही असावी; आज गाड्या रग्गड आहेत आणि दोन्ही गोष्टी गेल्या. जाता जाता, या गाडीच्या दोन रुळांमधलं अंतर १,६७६ मिलिमीटर आहे, म्हणजे ५८ तसू आणि ६ सूत. हा हिशेब कोणी विचारलेला नाही. लेखकाला तो पाठ आहे, आणि शेजारच्या प्रवाशाला तो ऐकावा लागतो, कारण सरकायला जागा नसते.

लेखक स्वतःला किडकिडीत समजतो. त्यामुळे ‘काका, तुमचं थोडं जास्तच होतंय’ हे वाक्य आपल्या पलीकडच्याला उद्देशून असल्याचं त्याचं मत आहे. पँटचा शिंपी या वादात पडत नाही. तो शिवताना आतल्या बाजूला कापड राखून ठेवतो, त्याला शिंपीकामात माया म्हणतात. गिऱ्हाइकाने काही मागायच्या आधीच त्याच्या पुढच्या दिवाळीसाठी सोडलेलं हे कापड, तसू-दीड तसू. दर दिवाळीनंतर ती माया थोडी थोडी उसवली जाते. शिंपी टेपवरचा आकडा मोठ्याने वाचत नाही. गिऱ्हाइकाचा आब राखण्याइतकी माया दुसऱ्या कुठल्या धंद्यात क्वचितच शिल्लक असेल.

पावसाळ्यात तसू हसण्यावारी नेता येत नाही. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा-वसई पट्ट्यात रुळांवर पाणी साचलं आणि गाड्या थांबल्या. तळमजल्यावरच्या घरांना अशा वेळी मोजायला गज लागत नाही. पायरीवर खडूची रेघ ओढायची आणि तासाभराने बघायचं. रेघेच्या वर एक तसू पाणी म्हणजे गाद्या माळ्यावर, गॅसचा सिलिंडर ओट्यावर, म्हातारी माणसं वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे. मिठागरांवर आणि खाजणांवर भराव पडत गेला, पाण्याने पसरायचं कुठे हे कोणी ठरवलं नाही, आणि भरती असली की खाडीही त्याला घेत नाही. मग दर वर्षी नालेसफाई पूर्ण झाल्याचं जाहीर होतं आणि दर वर्षी रेघ ओढावी लागते. पाणी तसूभरही उतरलं नाही, हे तिथलं वाक्य अलंकारिक नसतं.

कायद्याच्या दृष्टीने तसू संपलेला आहे. १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्याने देशात मेट्रिक पद्धत आणली, आणि गजाबरोबर त्याचे चोवीसही तसू व्यवहारातून उठले. बोलण्यावर बंदी नसल्याने तो तेवढ्यापुरता उरला. ‘इंचभर’ त्याच्या जागेवर डोळा ठेवून आहे, पण इंच तसूपेक्षा एक सूत कमी भरतो, त्यामुळे हट्टही तेवढाच कमी वाटतो. मेट्रिक पर्याय अजून रुळलेला नाही. ‘मी अठ्ठावीस पूर्णांक पाचशे पंचाहत्तर सहस्रांश मिलिमीटरही हलणार नाही’ हे ठणकावून सांगून होईपर्यंत नायगाव गेलेलं असतं आणि चौथा माणूस बसलेला असतो.