गर्दी नसलेला मंगळवार

देवदर्शनाला निघणाऱ्या माणसाची अट तशी साधी असते. देव असा हवा की त्याच्याकडे लाखो लोक जातात, आणि दिवस असा हवा की त्या लाखांतला एकही जण तिथे फिरकलेला नाही. आमच्या अमळनेरात या अटीवर घरोघरी बैठका भरतात. भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरतं, सूनबाई मोबाइलवर रांगेचे फोटो शोधते, मुलगा गाडीवाल्याशी घासाघीस करतो आणि कोपऱ्यातून आजी विचारते, "पन जावानं कधी?"

शेजारचे भाऊसाहेब या विषयातले जाणकार. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, पण वेळापत्रक मांडायचा हात काही गेला नाही. त्यांनी आठवडा असा फोडला आहे: शनिवार मारुती आणि शनीचा, रविवार खंडोबाचा आणि नोकरदारांचा, सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा आणि शिर्डीचा, शुक्रवार देवीचा. उरला बुधवार. तो विठ्ठलाचा वार आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं ते पंढरपूरच्या दर्शनबारीत उभं राहिल्यावर. पुढे-मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी असाच आठवडा फोडलेला होता.

खरी पंचाईत गावातच आहे. चोपडा रस्त्यावरच्या मंगळग्रह मंदिरात दर मंगळवारी कुठून कुठून माणसं येतात. कुणाच्या मुलीचं लग्न अडलंय, कुणाच्या मुलाच्या पत्रिकेत मंगळ बसलाय, तर कुणाला शेतीत यश हवंय, कारण मंगळ हा भूमीचा पुत्र. भाऊसाहेब राहतात तिथून दहा मिनिटांवर. पुतण्याच्या पत्रिकेसाठी अभिषेक करायचा त्यांच्या मनात कधीपासून आहे, पण मंगळवारी गर्दी असते म्हणून ते जात नाहीत. मी म्हटलं, "मग गुरुवारी जा." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मंगळाला गुरूच्या केबिनमध्ये बसवायला निघालोय. "गुरुवारी केलेलं त्याला पोचेल का?"

पोचण्याचंच म्हणाल तर इस्रोचा दाखला आहे. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलं, तो वार मंगळवार. मंगळाच्या कक्षेत पोचलं २४ सप्टेंबर २०१४ रोजी, तो वार बुधवार. गर्दी टळलीच, शिवाय पहिल्याच खेपेत दर्शन झालं. भाऊसाहेबांना हे सांगितलं, तर म्हणाले, "त्यांचं वेगळं. त्यांच्याकडे पास असणार." मग मी मंगळाच्याच पंचांगाकडे वळलो. त्याचा एक दिवस आपल्या दिवसापेक्षा जवळजवळ चाळीस मिनिटांनी मोठा, आणि वर्ष आपल्या ६८७ दिवसांचं. आपला मंगळवार कधी येतो नि कधी जातो, त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल. यावर उत्तर आलं नाही. चहा आला.

गर्दीची भीती खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. गेल्या प्रयागराज कुंभात २९ जानेवारी २०२५ ला, मौनी अमावास्येच्या पहाटे चेंगराचेंगरी झाली आणि सरकारनेच तीस मृत्यू मान्य केले. लहान मूल किंवा म्हातारी आई सोबत असलेल्या माणसाने शंभर वेळा विचार करावा, यात हसण्यासारखं काही नाही. हसण्यासारखं आहे ते त्यानंतरचं. ३ फेब्रुवारीला वसंत पंचमीचं स्नान आटोपलं आणि देशभरातल्या भाऊसाहेबांना एकाच क्षणी साक्षात्कार झाला की आता गर्दी ओसरली. पुढच्याच आठवड्यात प्रयागराजकडे जाणारे मध्य प्रदेशातले रस्ते मैलोन् मैल तुंबले. गर्दी टाळणाऱ्यांची ती गर्दी होती. आता नाशिकचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. "आपण त्र्यंबकेश्वर त्याआधीच उरकून घेऊ," असं मी आतापर्यंत इतक्या जणांकडून ऐकलंय की सिंहस्थातच जाणं सोयीचं पडेल, असं वाटू लागलंय.

बरं, निवांत देव आपल्याकडे नाहीत असंही नाही. तापी आणि पांझरेच्या संगमावर कपिलेश्वर आहे. महाशिवरात्रीची यात्रा सोडली, तर पिंडीसमोर हवं तितका वेळ बसा, मागून कुणी "चला, पुढे चला" म्हणणार नाही. एरंडोलजवळ पद्मालय आहे, भोवती जंगल, समोर कमळांचं तळं. तिथे एकाच गाभाऱ्यात गणपतीच्या दोन मूर्ती आहेत, एक उजव्या सोंडेची, एक डाव्या सोंडेची. म्हणजे देवानेच दोन खिडक्या उघडून ठेवल्यात. अंगारकीला तिथे पाय ठेवायला जागा नसते, पण एरवी साधा बुधवार गाठावा. ही यादी मी भाऊसाहेबांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि घरात एरवी जपून ठेवलेली अहिराणी बाहेर काढली: "तठे कोनी जातच नही, मंग आपन कसाले जावानं?"

सगळा घोळ इथे आहे. रिकामं देऊळ दिसलं की आपल्याला देवाचीच शंका येते. नवसाला पावत असता तर रांग नसती का? हॉटेल निवडताना लावतो तोच न्याय आपण गाभाऱ्याला लावतो आणि वर तक्रार करतो की टेबल रिकामं नाही.

यावरचा आधुनिक उतारा म्हणजे पास. लोकप्रतिनिधीचं पत्र, ओळखीचा विश्वस्त, नाहीतर पावती फाडून मिळणारं दर्शन. पास हाती आला की माणूस गर्दीला नावं ठेवणं बंद करतो, कारण गर्दी बघायला मिळाली नाही तर पासाची किंमत कळणार कशी? आमच्या गावाने तरी यात जरा संकोच करावा. इथल्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० शिकवलेले साने गुरुजी १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषणाला बसले, ते विठ्ठलाचं दार अस्पृश्य म्हणून बाहेर ठेवलेल्यांना उघडावं म्हणून. दहा दिवसांनी त्यांना यश आलं. ते दार सगळ्यांना उघडलं म्हणून रांग वाढली असेल, तर त्या रांगेत दोन तास उभं राहणं फार महागात पडत नाही. त्याच गुरुजींच्या गावातून आता फोन जातात, "साहेब, चार माणसं आहेत, मागच्या दारानं काही होईल का?"

आणि वैशाखात काय करणार? संत सखाराम महाराजांच्या यात्रेला बोरी नदीच्या पात्रात दुकानं लागतात, पाळणे उभे राहतात. वर वैशाखाचं ऊन, खाली तापलेली वाळू. एकादशीला रथ निघतो. रथ ओढायला माणसं लागतात, पुष्कळ लागतात. त्या रात्री गर्दी कमी झाली तर रथ जागचा हलणार नाही, ही गोष्ट गर्दी टाळण्याच्या एकाही वेळापत्रकात मला सापडली नाही. भाऊसाहेब मात्र त्या रात्री वेळापत्रक घरी ठेवून येतात. गर्दीत धक्के खातात, पुढच्याला देतात, आणि घामाघूम होऊन सांगतात की यंदा मागच्या वर्षीइतकी मजा नाही, माणसंच कमी.

तेव्हा बाहेरगावच्या वाचकांना एवढंच सांगणं: मंगळवारी येणार असाल तर गर्दी असणार हे धरूनच या. अमळनेर सुरत-भुसावळ मार्गावर आहे, रेल्वेने आलात तर गाडी लावायची चिंता नाही. स्टेशनावरून रिक्षा करा. म्हातारी माणसं, लहान मुलं सोबत असतील तर दुसऱ्या कुठल्याही वारी या. मंदिर तेव्हाही तिथेच असतं.